देवळावरचा पॉइंट

नकाशा बघता न येणारी माणसं मला पहिल्यापासून आवडत नाहीत. फोन आधी आडवा धरायचा, मग उभा, मग स्वतःभोवती एक गिरकी घेऊन "वाशी कुठल्या साइडला आलं?" असं विचारायचं. या शहरात अशी माणसं इतकी झाली आहेत की मी उत्तर देणंच सोडलंय. एकीकडे डोंगर उभा आहे, दुसरीकडे खाडी आहे, तरी यांना दिशा सांगायला फोनमधली बाई लागते. ती म्हणाली डावीकडे की हे डावीकडे. एकदा असाच एक गृहस्थ तिच्या शब्दावर विसंबून एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटात शिरला आणि ट्रकांच्या मधोमध अडकला. वर हमालांनाच दटावत होता की इथून रस्ता आहे, मॅपमध्ये दिसतोय.

माझा तिरस्कार फुकटचा नाही. विशीपासून मी नकाशे काढत आलेय. आधी मी ट्रेसर होते. नकाशावर पारदर्शक कापड पसरायचं आणि शाईच्या पेनाने खालची रेघ वर उतरवायची, श्वास रोखून. एक शिंक आली तर दिवसाचं काम वाया. मग कॉम्प्युटर आले, ड्रॉइंग ऑफिसं बंद पडली, आणि माझ्याबरोबरच्या बायका पोळीभाजीच्या ऑर्डरी घ्यायला लागल्या. मी नाही घेतल्या. मी क्लास लावला, पोरांच्या वयाच्या मास्तरांकडून बोलणी खाल्ली आणि पन्नाशीला आले तेव्हा महाप्याच्या एका कंपनीत लागले. तिथे गळ्यातलं कार्ड दाराला दाखवल्याशिवाय संडासालासुद्धा जाता येत नाही.

कंपनीला देशाच्या एका मोठ्या ग्रंथालयाच्या संग्रहाचं काम मिळालं होतं. इंग्रजांच्या अमदानीतले नकाशे, कापडावर डकवलेले, घड्यांवर फाटलेले, कोपऱ्यात कसरीने खाल्लेले. तिकडे ते स्कॅन व्हायचे आणि इकडे आमच्या स्क्रीनवर यायचे. आम्ही ते आजच्या नकाशावर बसवायचो. म्हणजे जुन्या नकाशावर दिसणारी आणि आजही जागच्या जागी असलेली एखादी गोष्ट शोधायची, पूल म्हणा, विहीर म्हणा, बुरूज म्हणा, आणि दोन्ही नकाशांत तिच्यावर पॉइंट मारायचा. असे पाच-सात पॉइंट मारले की जुना नकाशा ताणला जाऊन नव्यावर बसतो. मग तो ग्रंथालयाच्या साइटवर चढतो. कोणीही घरबसल्या उघडावा आणि आपल्या बिल्डिंगच्या खाली पूर्वी काय होतं ते बघावं.

लोक काय बघतात ते मला माहीत आहे, कारण साइटवर आलेले अभिप्राय वाचायचं कामही माझ्याच गळ्यात होतं. खाडीकाठच्या टॉवरमधल्या एका बाईंनी लिहिलं होतं की आमच्या सोसायटीच्या जागी चिखल दाखवलाय, त्याने फ्लॅटच्या किमतीवर परिणाम होतो, कृपया दुरुस्ती करावी. दुसऱ्या एकाला हॉलमध्ये लावायला नकाशा हवा होता, कुठल्याही गावाचा चालेल, पण निळा जास्त असावा, कारण सोफा निळा आहे. अख्ख्या देशाच्या संग्रहातला कागद, कोणीतरी पिढ्यान् पिढ्या वाळवीपासून जपलेला, आणि ह्यांना सोफ्याची काळजी. आमचे साहेब तर नकाशाला नकाशा म्हणायचेच नाहीत. कंटेंट म्हणायचे.

माझ्या शेजारच्या टेबलावर मराठवाड्यातून आलेली एक तरुण मुलगी बसायची. काम चांगलं करायची, पण तिला दर दोन दिवसांनी कोणाला तरी काहीतरी विचारावंसं वाटायचं. तळोज्याकडच्या एका गावाचा नकाशा तिच्याकडे आला होता आणि तिचे पॉइंट जुळत नव्हते. ती म्हणाली, "मॅडम, त्या गावात कुणाला तरी फोन लावून विचारू का? म्हातारं माणूस असेल एखादं."

मी सगळ्यांच्या देखत हसले. म्हटलं, "गावातल्या माणसाला पत्ता विचार. हे काय, इथंच, म्हणेल आणि तुला दोन किलोमीटर चालवेल. त्यांच्या तोंडावर विसंबून राष्ट्रीय संग्रह बसवणार आहेस का?"

ती स्क्रीनकडे वळली. मग मी तिला माझी रीत सांगितली. घरं पडतात, रस्ते वळतात, तळी बुजवतात, पण देऊळ कोणी हलवत नाही. पहिला पॉइंट देवळावर मारायचा आणि बाकीचे त्याच्या धाकात ठेवायचे. साहेब मागून जात होते. त्यांना हे इतकं आवडलं की आठवड्याभरात ते कामाच्या नियमांत छापून आलं. त्याच्या खालोखाल माझाच दुसरा नियम होता: मारलेला पॉइंट बदलायचा असेल तर छापील आधार हवा किंवा जागेवर उभी असलेली वस्तू हवी, सांगोवांगी माहिती चालणार नाही. तो कागद मी घरी आणून कपाटात ठेवला होता. इतका मला स्वतःचा अभिमान.

पुढे आमच्याच गावाचा नकाशा माझ्याकडे आला. गाव सानपाड्याच्या खाडीकडच्या अंगाला. मी जन्माने तिथली, आगऱ्याची, लग्नानंतर नेरूळच्या सेक्टरमध्ये राहायला गेले, आणि खरं सांगायचं तर सुटले असं मला वाटलं होतं. ज्यांचे बाप मिठागरात गुडघाभर पाण्यात उभे राहिले, ते आता चार-चार मजले चढवून खोल्या भाड्याने देतात आणि गळ्यात बोटाएवढी साखळी घालून नाक्यावर बसतात. हळदीला डीजे लावतात तो नेरूळपर्यंत ऐकू यावा म्हणूनच लावतात. मी त्यांच्यातलीच असल्यामुळे मला बोलायचा हक्क आहे असं मी धरून चालले होते.

आमच्या गावाचा नकाशा मी एका सकाळीत बसवला. जुन्या नकाशात गावदेवीचं देऊळ होतं. आजही देऊळ आहे, मी कळती झाल्यापासून तिथेच आहे. पहिला पॉइंट तिथे. बाकी नकाशात होतं काय, तर मिठागरांचे बांध, खाडीची कड, सगळं कधीच भरावाखाली गेलेलं. दूर डोंगरावरच्या सर्वेक्षणाच्या दोन खुणा तेवढ्या कामाला आल्या. देवळाशेजारी एक विहीर दाखवली होती, पण आजच्या देवळाशेजारी विहीर नाही. बुजवली असेल म्हणून मी ती सोडून दिली. सॉफ्टवेअरने नकाशा किती चुकतोय त्याचा आकडा लाल करून दाखवला तेव्हा मी शंभर वर्षांपूर्वीच्या त्या सर्वेक्षकाला दोष दिला. गोऱ्या साहेबाला चिखलात पाय घालायचा कंटाळा आला असेल, बांधावर छत्री धरून बसला असेल आणि अंदाजाने खुणा केल्या असतील, असं मी त्या मुलीला सांगितलंसुद्धा. नकाशा साइटवर चढला. मी डबा खायला गेले.

त्यानंतर वर्षभराने आत्या माझ्या घरी आली. माझ्या बापाची ही धाकटी बहीण, पंचाहत्तरीच्या पुढची. तिचं माहेर आणि सासर एकाच गावात. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, गावाच्या खाडीकडच्या टोकाला दोन खोल्यांच्या कौलारू घरात एकटी राहते. तिच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत नोटीस. मोजणी चालू होती. जुन्या गावठाणाच्या आत असलेली घरं कायम होणार होती, बाहेरची पाडणार होते. आत्याचं घर बाहेर दाखवलं होतं. महिन्याभराने सुनावणी, तोवर पुरावा आणायचा. पुरावा म्हणून मोजणी ऑफिसच्या खिडकीवरच्या माणसानेच ग्रंथालयाच्या साइटवरून नकाशा काढून तिला दिला होता आणि बोट ठेवून दाखवलं होतं.

"माजा घर मिठागरान हाय म्हंतान," आत्या म्हणाली. "मिठागरान कोन घर बांधील?"

मी कागद हातात घेतला आणि माझी छाती फुगली, हे मी आज लपवणार नाही. माझं काम एका सरकारी टेबलावर पुरावा म्हणून धरलं होतं. मी आत्याला समोर बसवून शाळेतल्या पोरीसारखं समजावलं. हा नकाशा देशाच्या संग्रहातला आहे. तो मीच बसवलाय. ही गावठाणाची रेघ, हे तुझं घर. घर रेघेच्या बाहेर आहे, आत्या, आता त्याला कोण काय करणार? तू नेरूळला माझ्याकडे राहायला ये.

तिने कागद माझ्या हातातून घेतला. तिला वाचता येत नाही, नकाशा तर नाहीच, असं मी समजत होते. मग तिने विचारलं, "ही फुली कसली?"

"देऊळ. गावदेवीचं."

"आनि आमचा घर कंचा?"

मी दाखवलं.

"इतका लांब कसा? देवलाचे पाठीच आमचा घर. परसान उबी रायली त घंटा हातान यवाची."

मी म्हटलं, आत्या, तुझ्या घरापासून देवळापर्यंत चालत गेलं तर पाच मिनिटं लागतात, उगाच काय बोलतेस.

"ता नवा देऊल," ती म्हणाली. "जुना देऊल बांदावं व्हता. रस्ता, प्लाट आखलं तवा देवी हलवली. माज्या डोक्यावं आनली, तुजा बापूस म्होरं व्हता ढोल घेऊन. तू तवा नुसती रांगत व्हतीस."

मी कागदावरची फुली पुन्हा बघितली. ती पुढे सहज म्हणाली, "तू मना इचारला असता त मी सांगला असता."

दरवर्षी चैत्रात गावातल्या म्हाताऱ्या एक प्रकार करायच्या. कळशीत पाणी घेऊन आत्याच्या घराला लागून असलेल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जायच्या, खांबाजवळ ते ओतायच्या, हळदकुंकू वाहायच्या आणि परत यायच्या. त्याला जुन्या जागेला पाणी घालणं म्हणतात. देवी हलली तरी तिची आधीची जागा तहानलेली राहू नये, असं त्यांचं म्हणणं. आत्या मला दर वर्षी बोलावणं पाठवायची आणि मी दर वर्षी ऑफिसचं निमित्त सांगायचे. मनात म्हणायचे, कोणाच्या तरी गाडीच्या टायरवर पाणी ओतून ह्या बायांना काय मिळतं? त्यातली जुनी जागा म्हणजे कशाची जुनी जागा, हे मी कधी विचारलं नाही. नकाशे काढायच्या धंद्यात आयुष्य घालवलेली बाई मी, आणि माझ्याच गावातल्या बायका दर वर्षी एका जागेवर जाऊन पाणी ओतत होत्या, त्याचा अर्थ मला लागला नाही. मला माझीच शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी नकाशा उघडला आणि देवळावरचा पॉइंट काढायला घेतला. बदलाला शेजारच्या टेबलावरून मंजुरी लागते, म्हणजे त्या मुलीचीच. तिने फॉर्म उघडला.

"मॅडम, आधार काय लिहू?"

"माझी आत्या सांगते."

तिने माझ्याकडे बघितलं. तिला टोमणा मारता आला असता आणि मी तो मुकाट्याने गिळला असता. पण तिने फक्त नियमांचा कागद माझ्यासमोर सरकवला आणि हळूच म्हणाली, "सांगोवांगी चालत नाही ना मॅडम. जागेवर काही उभं असेल तर बघा की. जुन्या नकाशात देवळाशेजारी विहीर दिसतेय."

आत्याचं घर माझ्याच नियमाखाली अडकलं होतं, आणि मार्ग तिने दाखवला जिला मी सगळ्यांच्या देखत हसले होते.

रविवारी मी आत्याला घेऊन त्या सोसायटीत गेले. वॉचमनने सेक्रेटरीला बोलावलं. हाफ पँटमधला गृहस्थ, कानात ते पांढरं यंत्र. म्हणाला, "मॅडम, ही प्रायव्हेट पार्किंग आहे. या आजी लोक दर वर्षी येतात, आम्ही ॲडजस्ट करतो, पण एव्हरी टाइम असं नाही चालणार."

मी विचारलं, "इथे विहीर आहे का?"

"विहीर? इथे?" तो हसला. मी त्या मुलीला हसले होते, अगदी तसाच. "मॅडम, विहीर असती तर आम्ही मे महिन्यात टँकर मागवले असते का?"

आत्या आमच्या बोलण्याकडे लक्ष न देता खांबांच्या रांगेतून चालत गेली. एका पांढऱ्या गाडीपाशी थांबली, चपला काढल्या आणि गाडीखाली बोट दाखवलं. खाली गोल लोखंडी झाकण होतं. सेक्रेटरी म्हणाला ते ड्रेनेजचं आहे. गाडीचा मालक खाली येऊन गाडी काढेपर्यंत अर्धा तास गेला. झाकण उचलायला वॉचमनने पहार आणली. आत घडीव दगडांचं गोल बांधकाम होतं आणि पंधरा-वीस फुटांवर पाणी चमकत होतं. सेक्रेटरी वाकून बघत राहिला. इतकी वर्षं टँकरवाल्याशी भांडणारा हा माणूस पाण्यावर गाडी लावून बसला होता. मला त्याला बरंच काही सुनवता आलं असतं. पण त्या दिवशी मला तो हक्क उरला नव्हता.

आत्याने विहिरीपासून अकरा पावलं मोजली आणि थांबली. "इथशी देवलाची पायरी व्हती."

मी जीपीएसच्या यंत्राने विहिरीची जागा टिपली, फोटो काढले, टेपने व्यास मोजला. जुन्या नकाशावरच्या विहिरीवर नवा पॉइंट मारला तेव्हा लाल आकडा एकदम खाली आला. नकाशा सरकला. डोंगरावरच्या खुणा जुळल्या, विहीर जुळली, आणि गावठाणाची रेघ खाडीकडे सरकून आत्याच्या परसाच्याही पुढे गेली. त्या सर्वेक्षकाने चिखलात पाय घातला होता. त्याचं काम चोख होतं, माझंच गचाळ.

सुनावणीच्या दिवशी अधिकाऱ्याने दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्ही त्याच ग्रंथालयाच्या, त्याच जुन्या कागदाच्या.

"हा आधीचा कोणी केला?"

"मी."

"आणि हा?"

"मीच."

त्याने चष्मा वर केला. "आणि अर्जदार तुमच्या कोण?"

"आत्या."

खोलीतले दोन-चार लोक हसले. मग मी त्याच्यासमोर बसून लिहून दिलं की आधीचा नकाशा बसवताना माझी चूक झाली, देऊळ हललेलं आहे हे मला ठाऊक नव्हतं आणि मी गावात कोणालाही विचारलं नव्हतं. सोबत विहिरीचे फोटो आणि मोजमापं जोडली. त्याने स्वतः माणूस पाठवून विहीर बघून घेतली, आणि पंधरा दिवसांनी आत्याचं घर गावठाणात धरल्याचा कागद मिळाला.

कागद घेऊन आम्ही बाहेर पडलो. समोरच्या गाडीवर मी दोन ग्लास उसाचा रस सांगितला. आत्या बाकावर बसली, कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली. मी मोकळी झाले होते आणि माझी जीभही मोकळी झाली होती. मोजणीवाल्यांना, सेक्रेटरीला, साहेबांना, सगळ्यांना नावं ठेवून झाली. आत्या ऐकत होती. तिने ग्लास खाली ठेवला.

"असं किती गावांचं नकाशं केलंस तू?"

"शंभरावर असतील."

"सगल्यांचा पयला पॉइंट देवलावं?"

तिने सगळं नीट समजून घेतलं होतं. मी म्हटलं, "हो. सगळ्यांचाच. ऑफिसातले बाकीचेही आता तसाच मारतात."

"त्या गावांन कोनाला इचारलंस?"

"कोणालाच नाही."

रसवाल्याने रिकामे ग्लास उचलून नेले. आत्याने पिशवी मांडीवर घेतली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. टोचून बोलण्याचा तिचा स्वभाव नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मंग त्यांची घरा?" ती म्हणाली.